मिशनऱ्याच्या मृत्यूपासून गोष्ट सुरू करू नका: वसाहतकाळातल्या स्थानिक प्रतिकाराचं मूल्यमापन कसं करायचं

म्युझियमचा पॅनल असो, स्मारकावरची पाटी असो, हेरिटेज वॉकचं स्क्रिप्ट असो नाहीतर दहा मिनिटांचा व्हिडिओ, मूलनिवासी लोकांनी मिशनऱ्यांना केलेला विरोध सांगायची वेळ आली की बहुतेक वेळा दोनच साचे वापरले जातात. जुना साचा म्हणजे देवाचं काम करायला आलेला भला माणूस आणि त्याला मारणारे रानटी लोक. नवा साचा बरोबर उलटा, लढणारा प्रत्येक जण हुतात्मा आणि झगा घातलेला प्रत्येक जण राक्षस. दोन्ही साचे लिहायला सोपे आहेत, लोकांना ऐकायलाही आवडतात, पण दोन्हीत त्या वेळची खरी माणसं हरवतात आणि त्यांच्या आज जिवंत असलेल्या वंशजांना ते सगळं वाचावं लागतं.

म्हणून हा लेख. तुम्ही अशा एखाद्या घटनेवर लोकांसाठी काही लिहिणार असाल, किंवा आधीच लावलेली पाटी बरोबर आहे का ते तपासणार असाल, तर कुठल्या क्रमाने काम करायचं ते सांगतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो कारण बहुतेक लोक थेट शेवटच्या प्रश्नावर उडी मारतात, "हे योग्य होतं का अयोग्य?", आणि मग पुरावे त्या उत्तराला जुळवून घेतात.

पायरी १: नेमकं काय तपासताय ते एका वाक्यात लिहा

कोणी, कधी, कुठे, कोणाला, काय केलं. उदाहरण म्हणून आजच्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन-ओरेगॉन भागातले कायूस मूलनिवासी आणि त्यांच्या मुलखातलं वायलाटपू हे मिशन घ्या. "कायूस लोकांनी मिशनऱ्यांना मारलं" हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात अख्खी जमात आरोपी होते. "२९ नोव्हेंबर १८४७ ला वायलाटपू इथल्या मिशनवर काही कायूस पुरुषांनी हल्ला केला, त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत डॉक्टर मार्कस व्हिटमन आणि त्यांची बायको नार्सिसा धरून १३ जण मारले गेले" हे चालेल. असं लिहिलं की लगेच लक्षात येतं आपल्याला काय माहीत आहे आणि काय आपण गृहीत धरतोय. हे काही पुरुष कोण होते, बाकीचे कायूस तेव्हा काय करत होते, असे प्रश्न आपोआप उभे राहतात.

आणि हो, प्रतिकार म्हणजे फक्त मारामारी असं धरू नका. मिशनमधून पळून जाणं, बाप्तिस्मा घेऊनही जुने विधी गुपचूप चालू ठेवणं, कामात मुद्दाम दिरंगाई करणं, मुलांना लपवणं, हे सगळं प्रतिकारच आहे आणि बहुतेक ठिकाणी हेच जास्त झालं. पॅनलवर फक्त रक्तपात दाखवला की वाचणाऱ्याला वाटतं बाकीची सगळी वर्षं लोक खुशीत होते.

पायरी २: त्या मिशनच्या हातात कोणती सत्ता होती ते शोधा

"मिशन" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक चर्च आणि एक शाळा येते. पण प्रत्येक ठिकाणी चित्र वेगळं होतं, आणि मूल्यमापनाचं निम्मं काम इथेच होतं. विचारायचे प्रश्न साधे आहेत: मिशनरी कोणाला शिक्षा देऊ शकत होता का? लोकांकडून कष्ट करून घेऊ शकत होता का? एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर जायची मुभा होती का? आणि बोलावल्यावर सैनिक येत होते का?

स्पॅनिश कॅलिफोर्नियात १७६९ पासून जी फ्रान्सिस्कन (हा एक कॅथलिक संघ) मिशन्स उभी राहिली तिथे बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला परवानगीशिवाय निघून जाता येत नव्हतं, पळाला तर सैनिक त्याला धरून आणायचे आणि चाबकाचे फटके बसायचे. म्हणजे ती व्यवस्था धर्माची होती तशीच मजुरीची आणि कैदेचीही होती. वायलाटपूला असलं काही नव्हतं, व्हिटमन यांच्याकडे सैन्य नव्हतं, पण १८३६ मध्ये सुरू झालेलं त्यांचं मिशन पुढे ओरेगॉनकडे जाणाऱ्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचा थांबा बनलं आणि दरवर्षी गाड्यांचे तांडे येताना कायूस लोक बघत होते. न्यूझीलंडमध्ये ओपोटिकीचे कार्ल फोल्कनर तर वरवर पाहता साधे पाद्री, पण ते तिथल्या माओरी लोकांच्या हालचालींची माहिती गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांना पत्रातून कळवत होते, आणि तेही युद्धाच्या काळात. आता व्हानुआटूतलं एरोमांगो बेट घ्या. तिथे २० नोव्हेंबर १८३९ ला जॉन विल्यम्स आणि जेम्स हॅरिस किनाऱ्यावर उतरले आणि मारले गेले, त्यांचं तिथे मिशनच नव्हतं, पण त्यांच्या आधी चंदनाचे व्यापारी येऊन गेले होते आणि त्यांनी हिंसा केली होती, त्यामुळे जहाजातून येणारा परका माणूस म्हणजे काय हे बेटावरच्या लोकांनी अनुभवलेलं होतं.

ही चार ठिकाणं, चार वेगळ्या सत्ता. यांना एकाच मापाने मोजलं तर कोणाला तरी अन्याय होणारच.

पायरी ३: तारीख मागे न्या, मग पुढे न्या

माझ्या मते सगळ्यात मोठी गडबड इथे होते म्हणून या पायरीवर वेळ घाला. बहुतेक पाट्या मिशनरी मेला त्या दिवशी सुरू होतात आणि त्याच्या दफनाला संपतात. गोष्ट कुठे सुरू केली यावरच गुन्हेगार कोण ते ठरून जातं, पुढचे शब्द कितीही तोलूनमापून वापरले तरी उपयोग नाही.

करायचं काय, तर एक लांब कागद घ्या, मधोमध घटनेची तारीख लिहा, डावीकडे निदान एका पिढीचा काळ आणि उजवीकडेही तेवढाच. मग भरत जा.

१० ऑगस्ट १६८० चं पुएब्लो बंड असं मांडून बघा, आजच्या न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो मूलनिवासी लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध केलेलं. मधोमध: सुमारे ४०० स्पॅनिश वसाहतकरी मारले गेले, त्यात २१ फ्रान्सिस्कन, आणि उरलेले स्पॅनिश लोक सांता फे सोडून एल पासोकडे निघून गेले. एवढंच लिहिलं तर कत्तल. आता डावी बाजू. १५९८ मध्ये स्पॅनिश वसाहत उभारायला ओन्याते आले, मग खंडणी आणि सक्तीचं काम, किवा म्हणजे पुएब्लोंच्या विधींच्या जागांवर बंदी, कचिना म्हणजे विधींमधल्या देवात्म्यांचे मुखवटे जाळले, १६६० नंतर दुष्काळ आणि उपासमार, वर साथीचे रोग, आणि १६७५ मध्ये गव्हर्नरने ४७ धर्मप्रमुखांना जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडलं, काहींना फासावर दिलं, बाकीच्यांना जाहीर फटके मारले. पुएब्लो योद्धे हत्यारं घेऊन सांता फेला गेले तेव्हा कुठे उरलेले सुटले. त्या सुटलेल्यांमध्ये ओहके ओविंगे या पुएब्लो गावचा पोपे होता, पाच वर्षांनी त्यानेच गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव पाठवून उठावाचा दिवस जुळवला. उजवीकडे: १२ वर्षं स्पॅनिश सत्ता नाही, १६९२ मध्ये दिएगो दे वार्गास हा गव्हर्नर स्पॅनिश सत्ता परत घेऊन येतो, १६९६ मध्ये आणखी एक उठाव होतो आणि दडपला जातो, पण विधींवरचा जुना जाच तसाच्या तसा परत आणणं स्पॅनिशांना जमलं नाही. पुएब्लोंचे विधी आजही चालतात, कित्येक विधी बाहेरच्यांसाठी बंदच असतात.

वायलाटपूचंही तसंच. डावीकडे १८४७ ची गोवराची साथ येते, गोऱ्यांची मुलं बरी होतायत आणि कायूसांची मुलं भराभर मरतायत, औषध देणारा माणूस तोच, आणि रोगी दगावला तर वैद्याचा जीव घेता येतो ही कायूसांची जुनी रीत, शिवाय डॉक्टर विष देतोय अशी अफवा. उजवीकडे ३ जून १८५० ला ओरेगॉन सिटीत पाच कायूस पुरुषांना फाशी, आणि १८५५ चा वाला वाला करार, ज्यात कायूस आणि शेजारच्या जमातींची बहुतेक जमीन गेली. या खटल्यात बचाव पक्षाने मुद्दा मांडला होता की घटना घडली तेव्हा तिथे अमेरिकेचा कायदा लागूच नव्हता, ओरेगॉन टेरिटरी तर १८४८ मध्ये बनली. तो मुद्दा फेटाळला गेला. पाटीवर जागा कमी असेल तरी फाशीची ओळ काढू नका, कारण ती काढली की हिंसा एकाच बाजूने झाली असं दिसतं.

पायरी ४: कागद कोणी लिहिला आणि कुठल्या परिस्थितीत

लेखी पुरावा बहुतेक मिशनऱ्यांचा, गव्हर्नरचा नाहीतर कोर्टाचा असतो. तो फेकून द्यायचा नाही, पण त्याला प्रश्न विचारायचे. १६८० च्या बंडाची कारणं आपल्याला बऱ्याच प्रमाणात गव्हर्नर ओतेर्मीनने १६८१ मध्ये घेतलेल्या जबान्यांमधून कळतात. जबानी देणारे कैदी होते, समोर स्पॅनिश अधिकारी, मधे दुभाषा, आणि शपथ ख्रिस्ती देवाची. असा माणूस "सैतानाने करायला लावलं" म्हणाला तर ते त्याचं मत आहे की सुटकेचा रस्ता, याचा विचार केल्याशिवाय ते वाक्य कोट म्हणून पॅनलवर लावू नका.

एक साधी कसोटी आहे, लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या बाजूला अडचणीत आणणारी माहिती जास्त वजनाची धरा. कॅलिफोर्नियातल्या सान दिएगो मिशनचे पाद्री लुईस हायमे यांनी १७७२ मध्ये वरिष्ठांना लिहिलं होतं की सैनिक इथल्या बायकांवर बलात्कार करतायत आणि त्यामुळे लोक चिडलेत. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १७७५ मध्ये, तिथल्या मूलनिवासी कुमियाय लोकांनी त्याच मिशनवर रात्री हल्ला केला आणि त्यात हायमेच मारले गेले. त्यांच्या स्मारकापाशी हे पत्र सांगितलं नाही तर त्यांनाही आपण अर्धंच आठवतो. आणि हल्लेखोरांना मृत्युदंड देऊ नका अशी विनंती कॅलिफोर्नियातल्या मिशन्सचे प्रमुख जुनिपेरो सेरा यांनी व्हाइसरॉयला केली होती, तीही सांगा, जरी सेरांच्या मिशन व्यवस्थेबद्दल तुमचं मत कितीही कडक असलं तरी.

उलट बाजूच्या आवडत्या वाक्यांनाही हीच चाळणी लावा. १७८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सान गाब्रिएल मिशनवरच्या फसलेल्या उठावात तोंग्वा समाजातली तोयपुरिना ही तरुण स्त्री होती, तिच्या तोंडी आज जी धारदार वाक्यं फिरतात त्यातली बरीच २० व्या शतकातल्या एका रंगवलेल्या लेखातून आली आहेत, मूळ चौकशीच्या नोंदीत ती तशी नाहीत. तिचं धाडस त्यामुळे कमी होत नाही. पण तिने न बोललेलं तिच्या नावावर खपवणं म्हणजे तिचा आवाज दुसऱ्यांदा काढून घेणंच झालं.

जिथे मूलनिवासी माणसाचं स्वतःचं कथन सापडतं तिथे ते वरच्या ओळीत आणा. सांता क्रूझ मिशनचे आंद्रेस किंताना १८१२ मध्ये मारले गेले, त्याची हकीकत तिथल्याच मूलनिवासी समाजातल्या लोरेन्सो आसिसारा यांनी १८७७ मध्ये सांगितली, वडिलांकडून ऐकलेली, आणि त्यात तारा लावलेल्या नव्या चाबकाची भीती हे कारण दिलंय. ऐकीव आहे, ६५ वर्षांनंतरचं आहे, हे वाचकाला सांगा आणि मग ते पूर्ण सांगा. मौखिक परंपरेला "दंतकथा" आणि पाद्र्याच्या पत्राला "पुरावा" अशी लेबलं लावायची सवय मात्र सोडा.

पायरी ५: प्रत्येक बाजूच्या आतली फूट शोधा

१६८० मध्ये सगळे पुएब्लो एकत्र होते असं सांगितलं जातं, पण दक्षिणेकडचे पिरो लोक उठावात नव्हते आणि त्यातले कित्येक स्पॅनिशांबरोबर एल पासोकडे गेले. सान गाब्रिएलच्या त्याच १७८५ च्या उठावातला निकोलास होसे स्वतः बाप्तिस्मा घेतलेला होता, मिशनमध्ये राहणारा, आणि त्याची तक्रार होती की आम्हाला आमचे नाच करू देत नाहीत. म्हणजे ख्रिस्ती झालेला माणूस फितूर आणि न झालेला शूर अशी वाटणी चालतच नाही.

आपल्या देशात याचं सगळ्यात मोठं उदाहरण बिरसा मुंडा. १८७५ चा जन्म, चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकला, बाप्तिस्माही झाला होता, मग मिशनशी फाटलं, आणि जमीन हिसकावणारे जमीनदार, सावकार, इंग्रज सरकार आणि मिशनरी या सगळ्यांविरुद्ध उलगुलान म्हणजे मोठा उठाव उभा केला. त्याने मुंडांच्या जुन्या बोंगापूजेतल्या (बोंगा म्हणजे देवात्मे) बळींनाही विरोध केला, म्हणजे तो नुसता जुन्याकडे परत चालला नव्हता, नवं काही घडवत होता. २४ डिसेंबर १८९९ ला हल्ले सुरू झाले ते चर्चवर, मिशनवर आणि ख्रिस्ती मुंडांवरही. ९ जानेवारी १९०० ला सैल रकब या टेकडीवर इंग्रज सैन्याने गोळीबार केला, आणि ९ जून १९०० ला बिरसा रांचीच्या तुरुंगात वारला, वय २५ सुद्धा पूर्ण नव्हतं. हल्ला झालेल्या सरवदा मिशनचे फादर हॉफमन यांचा पुढे १९०८ च्या छोटानागपूर टेनन्सी ॲक्टला हातभार लागला, ज्याने मुंडांच्या जमिनीला कायद्याचं संरक्षण मिळालं. हे सगळं एका पॅनलवर बसवणं अवघड आहे, मान्य. पण ख्रिस्ती मुंडा आजही त्याच भागात राहतात आणि त्यांच्यातही बिरसाला मानणारे आहेत, त्यांना वगळून त्याचं स्मारक उभारायचं असेल तर ते कोणासाठी उभारतोय हा प्रश्न पडतो.

पायरी ६: हिंसेबद्दल स्पष्ट बोला, पण कृतीगणिक

इथपर्यंत आलात की आता निवाडा. टाळू नका, "दोन्ही बाजू होत्या" म्हणून सुटका करून घेऊ नका. फक्त निवाडा एकेका कृतीचा करा. जुलमाविरुद्ध उठायचं कारण योग्य होतं का हा एक प्रश्न. निशाणा कोण होता हा दुसरा. आधी तक्रार, पळून जाणं, बोलणी असे दुसरे रस्ते करून बघितले होते का हा तिसरा. आणि जी शिक्षा झाली ती न्यायाने झाली का हा चौथा. या चारांची उत्तरं एकमेकांपासून वेगळी येऊ शकतात आणि बहुतेक वेळा येतातच.

पुएब्लोंना उठायचं पूर्ण कारण होतं असं मी ठामपणे म्हणतो, आणि त्याच उठावात वसाहतकऱ्यांच्या बायका आणि मुलंही मारली गेली हेही तितक्याच ठामपणे लिहायला हवं. वायलाटपूला जॉन आणि फ्रान्सिस सेगर ही दोन पोरकी भावंडं मारली गेली, कोवळी पोरं होती, त्यांनी कोणाची जमीन घेतली नव्हती. त्यांची नावं लिहा. आणि फाशी गेलेल्या पाच कायूसांचीही लिहा: तिलौकाइक्ट, तोमाहास आणि त्यांचे तीन साथीदार, पाचही नावं मिळतात, ती "पाच इंडियन" म्हणून गुंडाळू नका.

अंगावर येणाऱ्या तपशिलांचं काय करायचं हाही याच पायरीचा भाग. २ मार्च १८६५ ला फोल्कनरना झाडावर फाशी दिलं, मग त्यांचं डोकं कापलं आणि केरेओपा ते राऊ या माओरी पुढाऱ्याने डोळे गिळले, हे जवळजवळ प्रत्येक वर्णनात पहिल्या परिच्छेदात असतं. घटना झाली, लपवायची गरज नाही. पण तेच पहिलं लिहिलं की वाचक पुढचं काही ऐकूनच घेत नाही. त्याच्या आधी हेरगिरीची पत्रं आणि इंग्रजांनी माओरींविरुद्ध केलेलं वायकातोचं युद्ध, त्याच्या नंतर सैन्य उतरलं आणि ओपोटिकीच्या व्हाकातोहेआ या माओरी लोकांची जमीन जप्त झाली, या दोन्हींच्या मधे तो तपशील ठेवा, एका वाक्यात, विशेषणं न लावता.

शब्दांचंही थोडक्यात: कत्तल, बंड, हल्ला, हुतात्मा हे शब्द दोन्ही बाजूंना एकाच नियमाने वापरा. मिशनरी मेले तर कत्तल आणि गाव जाळलं तर "कारवाई", असं तुमच्या मजकुरात कुठे झालंय का ते एकदा फक्त त्या नजरेने वाचून बघा.

पायरी ७: वंशजांकडे मसुदा झाल्यावर नाही, आधी जा

मजकूर तयार करून "जरा बघून घ्या" म्हणणं याला सहभाग म्हणत नाहीत. काय सांगायचं हे ठरायच्या आधी जा, त्यांच्या वेळेचं मानधन द्या, एकाच घराण्याशी किंवा एकाच पुढाऱ्याशी बोलून थांबू नका, आणि "हे जाहीर सांगायचं नाही" असं ते म्हणाले तर ते पाळा. विधी, पवित्र जागा, अस्थी यांच्या फोटोंबाबत तर नक्कीच.

यातून काय होऊ शकतं ते मोकोमोकोच्या गोष्टीत दिसतं. फोल्कनर प्रकरणात या व्हाकातोहेआ प्रमुखाला १७ मे १८६६ ला फाशी झाली, मी निर्दोष आहे असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. त्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या तो डाग वागवला आणि लढा दिला, १९९२ मध्ये माफी मिळाली, आणि २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने त्याचं चारित्र्य, मान आणि प्रतिष्ठा परत देणारा कायदाच केला. एरोमांगोवर २००९ मध्ये, म्हणजे १७० वर्षांनी, विल्यम्सचे वंशज आणि बेटावरचे लोक समेटाच्या विधीसाठी एकत्र आले. तुमच्या पाटीवर १८६६ चा निकाल असेल आणि २०१३ चा कायदा नसेल तर ती पाटी चुकीची आहे, जुनी आहे असं म्हणूनही चालणार नाही.

पायरी ८: आधीच उभ्या असलेल्या स्मारकांशी ताडून बघा

तुमचा पॅनल मोकळ्या जागेत लागत नाही, आजूबाजूला आधीच काहीतरी बोललं जात असतं. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन डीसीला, कॅपिटॉल या संसदेच्या इमारतीत १९३१ पासून सेरांचा पुतळा आहे, १९५३ मध्ये मार्कस व्हिटमनचा आला, आणि २००५ मध्ये न्यू मेक्सिकोने पोपेचा बसवला, क्लिफ फ्रागुआ या हेमेझ पुएब्लोच्या शिल्पकाराने घडवलेला. व्हिटमनच्या जागी मासेमारीच्या हक्कांसाठी लढलेले मूलनिवासी नेते बिली फ्रँक ज्युनिअर यांचा पुतळा आणायचा कायदा वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये केला. सेरांना २०१५ मध्ये संतपद मिळालं आणि २०२० मध्ये सान फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसमधले त्यांचे पुतळे लोकांनी पाडले. गोव्यात कुंकळ्ळीला १५८३ मध्ये मारल्या गेलेल्या पाच जेझुइट मिशनऱ्यांना चर्चने १८९३ मध्ये धन्य घोषित केलं, आणि नंतर बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी बोलावून मारलेल्या गावकरांचं म्हणजे गावप्रमुखांचं स्मारक गावाने खूप उशिरा, आपल्या काळात उभारलं.

अशा ठिकाणी तुमचा मजकूर कोणत्या जुन्या दाव्याला उत्तर देतोय ते वाचकाला सांगा. जुनी पाटी काढणार असाल तर तिचा फोटो आणि कोणत्या साली कोणी लावली ते नव्या पाटीत ठेवा. आधीच्या पिढ्यांनी ही घटना कशी सांगितली हाही इतिहासच आहे, आणि बघणाऱ्याला दोन्ही मजकूर शेजारी वाचता आले तर तारीख कुठून कुठे सरकली ते त्याचं त्यालाच दिसतं.

पायरी ९: छापायच्या आधी आणि नंतर

मसुदा तिघांना मोठ्याने वाचायला द्या, एक त्या मूलनिवासी समाजातला, एक त्या चर्चशी संबंध असलेला आणि एक ज्याला यातलं काहीच माहीत नाही. पहिल्या दोघांना विचारा की यात तुमची माणसं तुम्हाला ओळखू येतात का. तिसऱ्याला विचारा की भांडण कशावरून होतं. तो जर "धर्मावरून" एवढंच म्हणाला आणि जमीन, मजुरी, साथ, सैनिक यातलं काहीच त्याच्या तोंडी आलं नाही, तर पायरी ३ वर परत जा आणि डावीकडची बाजू पुन्हा लिहा.

पॅनल लागला की खाली कोपऱ्यात लिहिल्याचं साल टाका, मजकूर कोणाच्या सल्ल्याने केला ते टाका, आणि हरकत असेल तर कुठे कळवायचं तेही. नवा कागद, नवी जबानी, नवा कायदा येईल तेव्हा मजकूर बदलायचे पैसे आत्ताच बजेटमध्ये बाजूला काढून ठेवा.